भट्टीवाल्याचा हात

त्या गल्लीत निम्मी माणसं पाव घ्यायला यायची आणि उरलेली भट्टीवाल्याचा हात बघायला. खोटं कशाला सांगू! भट्टीचं दार उघडलं की हा गडी फडकं घ्यायचा नाही की हातमोजा घालायचा नाही. सरळ उजवा हात आत घालायचा, तापलेला ट्रे हाताच्या कडेवर तोलून बाहेर काढायचा आणि फळीवर ठेवून वर मिशीला पीळ द्यायचा. समोरचा घड्याळजी तर दुरुस्तीचं काम टाकून यायचा.

"वा रे पठ्ठ्या! हात आहे की पक्कड?"

"उभा जन्म आगीपुढे गेला माझा," भट्टीवाला छाती फुगवून म्हणायचा. "आता आगच मला घाबरते."

"आग घाबरते म्हणे!" गल्ल्यावरून बायको ओरडायची. "घरात झुरळ दिसलं की पलंगावर कोण चढतं, तेही सांगा सगळ्यांना."

सगळे खो खो हसायचे. पण मनातून बायकोलाही कौतुकच होतं. हाताच्या कडेला कधी फोड दिसायचा, कधी काळा डाग. कधी भाजलं म्हणून विचारलं तर नवऱ्यालाच पत्ता नसायचा. कोपराखाली एक फिकट चट्टा उठला होता, तोही ना खाजत होता, ना दुखत होता. पीठ चिकटलंय असं समजून तिने तो एकदा काथ्याने घासलासुद्धा होता. नवरा तेव्हा खुशाल पेपर वाचत बसला होता.

अशात भट्टीवाल्याची थोरली बहीण राहायला आली. ताईचं सगळं आयुष्य नर्सच्या नोकरीत गेलेलं. निवृत्त झाली तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. भावाने मोठ्या ऐटीत ट्रे काढून दाखवला, टाळ्या पडल्या. ताईचे हात मात्र मांडीवरच राहिले.

"इकडे ये जरा," ती म्हणाली. "बस. डोळे मीट. मी कापूस टेकवते, कुठे टेकवला ते बोट ठेवून सांगायचं."

"हा काय पोरखेळ, ताई?"

"मीट म्हटलं ना!"

मोठ्या बहिणीपुढे कुणाची टाप आहे? त्याने डोळे मिटले. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला.

"अगं, टेकव ना लवकर! पाव निवतायत."

त्याने डोळे उघडले. बायकोचं तोंड उतरलं होतं, घड्याळजी तोंडात बोट घालून उभा होता आणि कापसाचं टोक भट्टीवाल्याच्या चट्ट्यावर फिरत होतं.

"मघापासून टेकवतेय रे," ताई हळूच म्हणाली. "तुझा हात धीट नाही, बाबा. तो बधिर झालाय."

दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण कामाला चोख. त्यांनी कोपराच्या मागची शीर, म्हणजे मज्जातंतू, दाबून पाहिली, ती दोरीसारखी सुजली होती. करंगळी शेजारच्या बोटाला आवळून धरायला सांगितली, ती धरवेना. तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"कुष्ठरोग आहे."

भट्टीवाल्याने काय केलं असेल? आपली खुर्ची उचलली आणि बायकोपासून लांब सरकवली. बायको पाहतच राहिली. मग तिनेही आपली खुर्ची उचलली आणि त्याच्या अगदी मांडीला मांडी लावून ठेवली.

"पळा अजून," ती म्हणाली. "भिंतीपर्यंत जागा आहे. मीही येतेय."

डॉक्टरीणबाई हसल्याच. "बाई बरोबर करतायत. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने हा होत नाही. औषध न घेतलेल्या रोग्याच्या निकट सहवासात बराच काळ राहिलं, तर श्वासावाटे जंतू येतो. तोही बहुतेकांचं शरीर आपलं आपणच हुसकावून लावतं."

"मग मला कुणी दिला हो?"

"ते आता देवही सांगू शकायचा नाही. हा जंतू वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो. मग चट्टा उठतो, तिथलं स्पर्शज्ञान जातं, शिरा सुजतात. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, आणि तिथेच घात होतो. वर्षभर गोळ्या घ्या, पूर्ण बरे व्हाल. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला लागणही होणार नाही."

"आणि हात?"

"जंतू मरतील, याची मी खात्री देते. शीर जागी होईल की नाही, याची नाही देता येत. सूज उतरायला वेगळ्या गोळ्या देते. लवकर आलात, म्हणून आशा आहे. पण स्पर्श परत येईपर्यंत हा हात भट्टीजवळ न्यायचा नाही. एखाद्या दिवशी बोटं जळतील आणि तुम्हाला वासावरून कळेल."

झालं! गल्ल्यावरची बायको भट्टीवर गेली आणि भट्टीवाला गल्ल्यावर आला. त्याचा जीव कसा तिथे रमणार? सुटे पैसे मोजताना त्याची मान सारखी मागे वळायची. ट्रे सरकल्याचा आवाज आला की तो अर्धा उठायचा आणि परत बसायचा. भट्टी परत मिळेल की जन्मभर हे नाण्यांचं खुळखुळणं ऐकत बसायचं, एवढा एकच विचार त्याला कुरतडत होता.

त्याने बायकोला बजावलं होतं की गल्लीत अवाक्षर काढायचं नाही. पण तिच्या पोटात तीळ भिजेल तर ना! दुसऱ्याच सकाळी, भर रांगेसमोर, तिने पिठाचे हात कमरेवर ठेवले.

"ऐका सगळे! यांना कुष्ठरोग झालाय. औषध सुरू आहे. शिवून होत नाही, पावातून तर मुळीच होत नाही. ज्याला भीती वाटते त्याने डॉक्टरीणबाईंना विचारून यावं. ज्याला पाव हवा त्याने सुटे काढावेत."

भट्टीवाल्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. रांगेतून दोघं-तिघं गुपचूप निघूनही गेले. घड्याळजी मात्र पुढे आला, भट्टीवाल्याचा तोच हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि म्हणाला, "मेल्या, मी टाळ्या वाजवत होतो रे! मला काय कळलं, तुझा हात मरतोय!" आणि रडायलाच लागला. शेवटी भट्टीवाल्यालाच त्याची समजूत काढावी लागली.

मग ताईने बाकावर ठाणच मांडलं. घरच्यांची तपासणी दवाखान्यात झालीच होती, आता गल्लीची पाळी. कुणाला पाठीवर डाग, कुणाला कोपरावर पांढरं. सगळे डोळे मिटून कापसाची वाट बघत बसायचे आणि गुदगुल्या झाल्या की हसत सुटायचे. निघून गेलेलेही आठवडाभरात आपापले चट्टे घेऊन परतले. पाहिलं तर कुणाचं गजकर्ण, कुणाचं आणखी काहीबाही. त्या बाकावर गुदगुल्या न होणारा एकही सापडला नाही, आणि पावाचा खप उलट वाढला.

एकदा न्हाणीघरातून बोंब उठली. "अगं, रक्त! मी चाललो!" बायको धावली. मग तिला आठवलं, आणि तिने जीभ चावली. गोळीने लघवी लाल होते, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं आणि ती सांगायला विसरली होती.

"आगीला घाबरवणारे ना तुम्ही?" दाराबाहेरून ती म्हणाली.

महिने गेले. चट्टा पुसट झाला, करंगळीत थोडी ताकद आली. पण ताईचा कापूस रोज रिकामा परत जायचा. "टेकवलास?" तो विचारायचा. "टेकवला," ती म्हणायची आणि दोघंही विषय बदलायची. तो आता विचारायचाही कंटाळा करू लागला होता.

एका सकाळी बायकोने ताजा ट्रे आणून गल्ल्याशेजारी ठेवला आणि मागे वळली. भट्टीवाला घड्याळजीशी कशावरून तरी तावातावाने भांडत होता. भांडता भांडता त्याचा उजवा हात बाजूला गेला आणि ट्रेच्या कडेला टेकला.

"आई गं!"

तो हवेतच उडाला. नाणी खाली पसरली. बायको हातातला पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. भट्टीवाला आपल्या हाताकडे बघत उभा होता, तोंड उघडंच.

"भाजलं?"

"भाजलं."

"दुखतंय?"

"दुखतंय गं."

"म्हणजे नीट दुखतंय? उगीच वाटतंय असं नाही ना?"

"अगं, भयंकर! मरणाचं दुखतंय!"

बायकोचा चेहरा असा फुलला, की बाहेरून आलेल्या माणसाला वाटलं असतं, ही बाई नवऱ्यावर सूड उगवतेय. घड्याळजीने रांगेकडे वळून ओरडून सांगितलं, "दुखतंय म्हणतो!" आणि मागून ताई धावत आली, अंगठ्याने डोळे पुसत.

हातावर टपोरा लाल फोड उठत होता. बायकोने भानावर येऊन त्याचं मनगट धरलं आणि तांब्या कलता केला. त्याने हात मागे घेतला.

"थांब जरा," तो म्हणाला. "थोडा वेळ दुखू दे."