शेवटचं चाक

दुरून डोंगर साजरे, तसे धाकट्याला बाबा दुरून फार प्रिय. फोनवर "बाबांना जपा हं" म्हणायला याचं काय जातं? इथे त्यांना उठवता-बसवता थोरल्याच्या बायकोची कंबर कामातून गेली होती. शेवटी थोरल्याने स्पष्टच सांगितलं, "आता तू ने. माझ्याच्याने होत नाही." आणि धाकटा खरोखरच गाडी घेऊन दारात हजर झाला.

गाडी फाटकाच्या आत घ्यायला थोरला बसला, तर ब्रेकचं पेडल भसकन खाली गेलं.

"हे घेऊन तू घाट उतरलास?"

"लागतात की. दोन-तीनदा दाबायचं," धाकटा म्हणाला.

थोरल्याने कपाळावर हात मारला. गळती कुठे नव्हती, पण ब्रेकचं ऑइल काळंकुट्ट झालं होतं आणि नळ्यांत हवा शिरली होती. अशा गाडीत बाबांना बसवायची त्याची छाती होईना. ती हवा काढायला दोघं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून हवा आणि ऑइल बाहेर सोडायचं, निपल पुन्हा आवळायचं, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात.

धाकट्याला नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन आला.

"मी बसतो," ओट्यावरच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "डावं अंग गेलंय. उजवा पाय आहे अजून."

बाबांचा जन्म गॅरेजात गेला होता. स्टिअरिंगमागे बसल्यावर माणूस बदललाच. "आधी मागचं डावं घे, लांबचं आधी," त्यांनी हुकूम सोडला. थोरला चाक काढून निपलला नळी लावायचा, नळीचं दुसरं टोक रिकाम्या बाटलीत सोडायचा आणि ओरडायचा, "दाबा!"

"दाबलं."

"सोडा!"

"सोडलं."

कितीतरी महिन्यांनी बापलेक एकमेकांवर न खेकसता बोलत होते. थोरल्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. बायको बाबांची बॅग दारात आणून ठेवून गेली होती.

तीन चाकं सुतासारखी सरळ झाली. राहिलं ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं. तिथे मात्र घोडं अडलं. बुडबुडे संपेनातच. ऑइल पुन्हा भरलं, निपल तपासलं, नळी बदलली. पुन्हा बुडबुडे.

"आज काही होत नाही हे," बाबा वरून म्हणाले. "राहू दे. उद्या बघू."

थोरल्याने पुन्हा "दाबा" म्हटलं, निपल सैल केलं आणि या वेळी नळीकडे नीट पाहिलं. बाहेर आलेलं ऑइल उलटं फिरून चाकाकडे चढत होतं. त्याने मान वळवली. उघड्या दारातून बाबांचा पाय दिसत होता. "सोडा" म्हणायच्या आधीच तो पेडलवरून हळूच उचलला गेला होता.

"बाबा, पाय आधी उचलताय."

"म्हातारा झालो. राहत नाही पाय."

तीन चाकांना तोच पाय खांबासारखा राहिला होता. थोरल्याला सगळं कळलं. "होय, उद्या बघू" एवढंच म्हणायचं होतं. मग उद्याचा परवा झाला असता, आणि रात्री पुन्हा बायको कंबर धरून भिंतीला टेकली असती.

"धाकट्या, फोन ठेव आणि इकडे ये," तो ओरडला.

दोघांनी धरून बाबांना मागच्या सीटवर बसवलं. धाकट्याला एकदा समजावलं, आणि त्या ठोंब्यालाही जमलं. हवा निघून गेली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. थोरल्याने चाक बसवलं, हात पुसले, बॅग डिकीत टाकली.

बाबांनी काच खाली केली. "थोडी हवा राहिली असती तर काय बिघडलं असतं रे?"

"अहो बाबा, घाटात मेलो असतो की!" धाकटा हसत म्हणाला आणि त्याने गाडी चालू केली.

बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते, ते थोरल्याकडे बघत होते. थोरल्याने त्यांच्या बाजूचं दार नीट लागलंय का ते ओढून पाहिलं आणि तो फाटक उघडायला गेला.