साच्याचा आवाज

कुशाबाने खिळ्यावरचा धोटा काढला, त्यावर एक फुंकर मारली, तळहाताने धूळ झटकली आणि तो थेट कौसल्याच्या नाकासमोर धरला.

“हा बघ. ह्याच्या मागं आख्खा जन्म गेला माझा. टेप चालू हाय ना?”

“आहे, काका.”

“काय?”

“चालू आहे!” कौसल्या ओरडली.

साच्यांनी, म्हणजे गिरणीतल्या मागांनी, कुशाबाचे कान कधीच नेले होते. त्याच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या मजल्याला ऐकवायचं, हे करी रोडच्या त्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यात समोरच्या बंद गिरणीच्या आवारात टॉवरचे खांब ठोकायचं काम चाललेलं. दर ठोक्याला खिडकीची काच थरथरत होती. कौसल्याने उठून खिडकी लावली, टेपरेकॉर्डर त्याच्या गुडघ्याजवळ सरकवला आणि पदर खोचून परत चटईवर बसली.

ती एका संशोधन संस्थेत होती. गिरण्यांच्या संपाला तप उलटून गेल्यावर आता कुठे कोणाला तरी गिरणगावाचा अभ्यास करावासा वाटला होता. गिरण्या गेल्यावर कामगारांच्या घरांचं काय झालं, सरकारी योजना कोणाच्या दारी पोचल्या, कोणाच्या दारावरून पुढे गेल्या, त्यात बौद्ध आणि मुसलमान कामगार कुठे राहिले, असं सगळं. शेवटी एक प्रश्न होता : तुमच्या खात्यात कोणाला घेत नसत? लालबाग-परळमधले विणकर एकेक करून तिने गाठले होते. सगळ्यांनी मान हलवून एकच सांगितलं होतं, गिरणीत जातपात नव्हती हो बाई. ती लिहून घेई, चहा पिई आणि जिना उतरे. त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं.

पण कुशाबाची गोष्ट वेगळी होती. तिचा बाप बुधाजी आणि हा कुशाबा, दोघे एकाच गावचे. एक वरच्या वाडीचा, दुसरा खालच्या. एकाच बोटीने मुंबईला आले, एकाच गिरणीत लागले. कुशाबा साचेखात्यात कापड विणायला गेला. बुधाजी रिंगखात्यात, जिथे सूत निघतं आणि छातीत कापूस जातो. पुढे बुधाजी बौद्ध झाला, वाडीचं नाव बदललं, देव्हारा गेला, पण खातं काही बदललं नाही. तरी सुटी झाली की दोघे गेटाबाहेर एकमेकांची वाट बघणार आणि बोलत बोलत घरी येणार. संपाच्या दुसऱ्या वर्षी बुधाजी छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा पहिला खांदा कुशाबाने दिला होता. घाटावर तो असा रडला की बुधाजीच्या बायकोला, जाईबाईला, स्वतःचं रडू आवरून त्याची समजूत काढावी लागली.

या एका माणसाने तरी ते सगळ्यांचं पाठ केलेलं वाक्य बोलू नये, एवढंच कौसल्याला हवं होतं. अभ्यास गेला खड्ड्यात. काकाने खरं बोलावं. झालं तेवढं झालं, असं म्हणावं, आणि मग ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडणार होती.

“चहा ठेवलाय हां,” आतून कुशाबाची सून शांती म्हणाली. “साखर नेहमीसारखीच ना गो?”

“नेहमीसारखीच.”

या घरात चहा प्यायचा आणि कप तिथेच ठेवून उठायचं. दुसऱ्यांकडे गेलो की आपला कप आपण विसळून ठेवायचा, हे आईने लहानपणीच तिच्या अंगात भिनवलं होतं. इथे पहिल्यांदा आली तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. कप घेऊन मोरीकडे निघाली, तर कुशाबाच्या बायकोने, रखमाकाकूने, तिचं मनगट धरलं. “ठेव तो कप. माझ्या घरात असलं काय चालायचं नाय.” काकू आता नव्हती. पण तिचा तो हात कौसल्याला अजून मनगटावर जाणवायचा.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतला तुळशीदास दारात उभा राहिला. तोही साचेखात्यातलाच, कुशाबाच्या बाजूच्या साच्यावरचा, त्यामुळे बोलणं कायम ओरडूनच. टेपरेकॉर्डर बघून त्याची कळी खुलली.

“काय रे कुशा, रेडिओवर गाणार काय तू आता?”

“ये, बस. बुधाची पोरगी हाय. आपलं काम विचारतेय.”

“मग नीट दाखव की! नुसता काय धरून बसलायस?”

तुळशीदासाने धोटा ओढून घेतला. लाकडी, होडीच्या आकाराचा, साच्यात आडवा धागा घेऊन धावणारा, दोन्ही टोकांना पितळ. पोटात सुताची कांडी आणि कुशीला एक बारीकसं भोक. “हे बघ बाय, कांडी संपली की नवी घालायची. मग धागा ह्या भोकातनं भाईर काढायचा. कसा काढशील? सुई नाय, बोट जात नाय. मग काय, तोंड लावायचं!” त्याने भोकाला ओठ लावून जोरात श्वास आत ओढला. वारा फसफसला. धागा जागचा हलला नाही.

“दात कुठं ठेवलेस?” कुशाबा खदखदून हसला. “आण हिकडं.”

त्याने तुळशीदासाच्या तोंडातून धोटा घेतला आणि तसाच, ओलाच्या ओला, आपल्या ओठांना लावला. एकच झुरका. धागा सुर्रकन भोकातून येऊन त्याच्या जिभेवर बसला. म्हाताऱ्याने तो चिमटीत धरून झेंड्यासारखा नाचवला.

“असं दिवसभर. पाळी बदलली की माणूस बदलायचा, धोटा तोच. ह्याची थुंकी त्याच्या तोंडात, त्याची ह्याच्या. आमच्यात उष्टंपाष्टं कधी नव्हतंच गो! सगळे भावासारखे.”

“भावासारखे,” तुळशीदासाने री ओढली.

कौसल्याने टेप फिरतोय ना ते पाहिलं. हेच ते. इथेच सगळी मेख होती. ज्याचा पेला चालत नव्हता त्याची थुंकी कोण चालवून घेणार? म्हणून साचेखात्याचं दार तिच्या माणसांना बंद होतं. हे तिला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्याआधी तिला घरातलंच कारण माहीत होतं. ती आठेक वर्षांची असताना बुधाजी, तिचे आबा, एका संध्याकाळी नवा सदरा घालून कामावरून आले होते. इतक्या दिवसांनी साच्यावर लागणार म्हणून आईने शिरा केला होता. आबांनी शिऱ्याला हात लावला नाही. “मला नाय जमायचं,” ते एवढंच म्हणाले. “साच्याचा आवाज लय असतो. मला सोसायचा नाय.”

तिने घसा खाकरला.

“काका,” ती मोठ्याने म्हणाली, “आबा साच्यावर का नाही लागले?”

कुशाबाने धागा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

“बुधा? त्याला साच्याचा आवाज सोसायचा नाय.”

शब्द न् शब्द तोच. कौसल्याचं मन लगेच विरघळलंही. असेलही, तिला वाटलं. आबा तसेच होते हळवे. फटाक्यांनाही दचकायचे. इतकी पुस्तकं वाचून आपण या दोघांच्या मैत्रीत उगाच खडे शोधतो आहोत की काय? तिला स्वतःचीच लाज वाटली.

“तुम्हा शिकलेल्यांना नाय जमायचं हे,” कुशाबा लाडाने म्हणाला आणि धागा आत ढकलून त्याने धोटा तिच्या हातात ठेवला. “बघतेस ओढून? बघ, बघ. गंमत.”

तिने विचारच केला नाही. धोटा उचलला, भोक ओठांशी आणलं, जीभ मागे घेतली आणि एक श्वास ओढला. धागा आला. पहिल्याच झटक्यात.

“अगो!” शांती स्वयंपाकाच्या ओट्याकडून बघत होती, ती टाळी वाजवून हसली.

तुळशीदासाने भुवया चढवल्या. “आयला! आमच्याकडं नवा माणूस आठवडाभर ठसकायचा. कापूस घशात जायचा. तुला कोणी शिकवलं?”

“आबांनी,” कौसल्या म्हणाली. बोलता बोलता तिच्या तोंडावर हसू फुटलं, कारण ती एकदम तिथे पोचली होती, त्यांच्या खोलीत, आबांच्या मांडीशी. “आमच्याकडे एक मोडका धोटा होता. भंगारातून आणलेला. रात्री जेवणं झाली की आबा तो घेऊन बसायचे. आईच्या शिवणाच्या रिळाचा धागा लावायचे आणि ओढायचे. परत लावायचे, परत ओढायचे. मलाही शिकवलं. जीभ मागे घे, म्हणजे गिळला जात नाही.”

ती हे सगळं ओरडून सांगत होती, कुशाबाला ऐकू जावं म्हणून. सांगून झालं तेव्हा कुशाबा पुढे झुकला होता.

“बुधा?” कुशाबा म्हणाला. “घरी बसून?”

“बसायचे खरे. मग पुढे बंद केलं. धोटा कुठे टाकला कोण जाणे.”

तुळशीदास छपराकडे बघत आठवू लागला. म्हाताऱ्या माणसाला आठवायला लागलं की कोण थांबवणार! “म्हणजे तो तयारी करूनच आला होता की रे. तो नाय काय, नवा सदरा घालून आलेला, जॉबरनं साच्यावर घ्यायला बोलवलं म्हणून? आपण सगळे आत साच्यापाशी जमलो होतो. मग भाईर जाऊन त्याला नाय म्हणून सांगायला कोणी तयार होईना, तेव्हा तूच गेलास ना दारात? तू म्हणालास, मी सांगतो त्याला, आवाजाचं सांगतो, म्हणजे वाईट…”

“गप रे.”

कुशाबा हे इतक्या हळू म्हणाला की बहिऱ्या माणसाला इतकं हळू बोलता येतं हे कौसल्याला पहिल्यांदाच कळलं. तुळशीदासाने चटईची एक काडी उपसली आणि तो त्या काडीकडेच बघत राहिला.

म्हणजे ते वाक्य आबांचं नव्हतंच. दारात उभं राहून ऐकलेलं होतं. तिथून ते त्यांनी घरी आणलं, शिऱ्याच्या ताटापुढे बायकोला आणि मुलीला दिलं आणि मरेपर्यंत स्वतःचं म्हणून वापरलं. मित्राने दिलं होतं ना, मग खोटं कसं पाडायचं? आणि दुसऱ्या दिवशी सुटी झाल्यावर ते गेटाबाहेर त्याच मित्राची वाट बघत उभेही राहिले असतील. कौसल्याला आबांची ती उभी मूर्ती दिसली आणि तिचा जीव गलबलून गेला.

कौसल्याच्या हातात धोटा होता, भोकातून बाहेर आलेला धागा तिच्या थुंकीने ओला. तिने तो कुशाबापुढे धरला.

कुशाबाने घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. तिच्याकडेच बघत होता तो, अगदी मायेने. आणि बघता बघता त्याच्या उजव्या हाताने खांद्यावरचा पंचा ओढला, धोट्याच्या भोकाभोवती घट्ट दाबला आणि पुसलं. एकदा, मग नीट फिरवून पुन्हा एकदा.

मग त्याला आपला हात दिसला.

पंचा तिथेच थांबला. तुळशीदासाने ते पाहिलं आणि मान फिरवली. पलीकडे खांबावर ठोका पडला. काच थरथरली. कुशाबाने पंचा खांद्यावर टाकला, तो घसरला, परत टाकला. धोटा टांगायला तो भिंतीकडे वळला, पण रोजचा खिळा त्याला सापडेना. भिंतीवरून हात फिरवत, तिच्याकडे पाठ करूनच तो म्हणाला,

“आवाज… लय असायचा गो, बाय.”

कौसल्याने त्याच्या पाठीकडे पाहिलं. ही पाठ तिने लहानपणी घोडा करून वापरली होती. तिला वाटलं, आता विचारावं. टेप चालू आहे, साक्षीला माणूस बसला आहे. मग तिला घाटावरचा कुशाबा आठवला.

“हो, काका,” ती म्हणाली. “फार असायचा.”

“काय?”

त्याने मान वळवून कान तिच्याकडे केला होता. डोळ्यांत नुसती विनवणी.

कौसल्याने छातीत श्वास भरून घेतला.

“फार असायचा, काका!” ती ओरडली. “आबांना सोसला नसता!”

गॅलरीतून पाण्याची कळशी घेऊन चाललेल्या बाईने वळून आत पाहिलं. कुशाबाने दोनदा मान हलवली. मग त्याला खिळा सापडला.

शांतीने चहा आणला. नेहमीसारखा, साखर जास्त घातलेला. सगळ्यांनी तो प्यायला. कौसल्याने टेप बंद केला, वायर गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली. मग खाली वाकून तिने आपला कप उचलला आणि ती मोरीत गेली.

“अगो, तू कशाला?” शांती मागून धावली. “ठेव तो. आजपर्यंत कधी विसळलायस आमच्याकडं?”

“असू दे गं,” कौसल्या म्हणाली. तिने नळ सोडला, कप आतून-बाहेरून नीट विसळला आणि बाकीच्या कपांपासून थोडा बाजूला पालथा घातला.