पहिल्या दाताचे गहू

हलव्याचे दागिने पुण्याहून डिसेंबरातच येऊन पडले होते. यामिनीच्या सासूबाईंनी, म्हणजे गीताताईंनी, ते कापसात गुंडाळून, वर सहा पदरी वर्तमानपत्र लावून असे पाठवले होते की पुणे ते तोक्यो एकही दाणा फुटला नव्हता. यामिनीने खोका उघडून पाहिला, मुकुट, हार, बाजूबंद सगळं जागच्या जागी असल्याची खात्री केली आणि तो कपाटावर, पाहुण्यांच्या गाद्यांमागे ढकलून दिला. यंदा कस्तुरीचं बोरन्हाण करायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. आता हे सासूबाईंना कोण सांगणार, एवढाच प्रश्न होता.

मार्चमध्ये कस्तुरीला पाच वर्षं पूर्ण होणार, म्हणजे हे शेवटचंच. फोनवर गीताताई दर दोन दिवसांनी आठवण करून द्यायच्या.

"अगं, रथसप्तमीपर्यंत कधीही कर. बोरं मिळाली का?"

"बघते, आई."

"बघते काय? करायचं असलं की सगळं मिळतं."

बोरं मिळणार नव्हतीच. तोक्योतल्या त्यांच्या हिगाशी-कसाई भागात भारतीय दुकानं भरपूर, चुरमुऱ्यांपासून चितळ्यांपर्यंत सगळं मिळतं, पण बोरं नाहीत. चिनी दुकानात वाळवलेली नात्सुमे मिळतात, ती बोराची चुलतबहीण. दुधाची तहान ताकावर. पण खरी अडचण बोरांची नव्हती, ती गेल्या वर्षी झाली होती. काळा फ्रॉक घालून, मुकुट डोक्यावर चढवून कस्तुरीला बसवलं, औक्षण झालं, यामिनीने डोक्यावरून चुरमुऱ्यांचं मापटं रितं केलं, आणि बिल्डिंगमधली आपली सगळी पोरं ठरल्याप्रमाणे तुटून पडली. कस्तुरीने किंकाळी फोडली. घाबरून नाही, रागाने. पाळणाघरातल्या सेन्सेईंनी शिकवलं होतं की अन्न सांडायचं नाही, भाताच्या एकेका शितामागे शेतकऱ्याचे कष्ट असतात. "मोत्ताइनाई! मोत्ताइनाई!" असं ओरडत ती पोरांचे पाय बाजूला ढकलत एकेक चुरमुरा उचलून ताटलीत ठेवू लागली. वाया जातंय, वाया जातंय. सगळ्या बाया हसल्या. यामिनीही हसली, आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

कारण पोरगी बरोबर होती, हेच तर दुखणं होतं. शिकवलेलं चांगलंच होतं, फक्त ते यामिनीचं नव्हतं. कस्तुरीला मराठी कळायचं सगळं, पण उत्तर जपानीत. आजीशी व्हिडिओवर बोलताना तर नुसती मान. सत्यजित, यामिनीचा नवरा, म्हणायचा, "मोठी झाली की येईल." तो ऑफिसात दिवसभर तानाका-सान आणि सुझुकी-सान करून यायचा, त्याला घरी कुठल्याही भाषेत शांतता मिळाली तरी पुरे होती. यामिनीला मात्र वाटायचं, आपल्या हातातून काहीतरी निसटतंय आणि आपण बघत उभे आहोत.

सिरानुशबाईंची ओळख झाली ती गोमीच्या जाळीपाशी. गोमी म्हणजे कचरा, आणि जपानात कचरा टाकणं ही पदवीची परीक्षा आहे. कुठल्या वारी काय, बाटली वेगळी, झाकण वेगळं. एका मंगळवारी सकाळी चौथ्या मजल्यावरच्या या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी हातात पिशवी घेऊन सूचनांच्या पाटीकडे असं बघत होत्या, की पाटीनेच त्यांचा अपमान केला असावा. यामिनीने पिशवी उघडून वर्गवारी करून दिली. त्या दिवसापासून जिन्यात भेट झाली की आजी तिच्या हातात अक्रोड ठेवायच्या, बोलणं मोडक्या इंग्रजीत. आजी आर्मेनियन, पण आर्मेनियात जन्मलेल्याच नव्हत्या. जन्म सीरियातल्या हालेबचा, संसार बैरुतचा, आणि आता मुलाकडे, हागोपकडे, तोक्योत. सून मिहो जपानी. नात नायरी, आठ महिन्यांची.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आजी दाराशी आल्या. चेहऱ्यावर असा आनंद की यामिनीला वाटलं लॉटरी लागली.

"नायरीला दात आला," आजी म्हणाल्या. "एक. खाली. रविवारी तू ये, मुलीला आण. आमचे लोक इथे थोडे. पाच येतील, सहा येतील. बाया पाहिजेत, मुलं पाहिजेत. आवाज पाहिजे."

दात आला म्हणून समारंभ? यामिनीला गंमत वाटली. आपल्याकडे दात आला की वाटीवर चमचा वाजवून बघतात आणि कामाला लागतात. पण बोलावलंय तर जावं, म्हणून ती रविवारी दुपारी कस्तुरीला घेऊन वर गेली.

आर्मेनियन खरंच पाचच होते. घरचे हागोप आणि आजी, विद्यापीठात शिकणारा एक मुलगा, आणि चिबाहून दोन गाड्या बदलून आलेलं एक म्हातारं जोडपं. बाकी मिहोची आई आणि बहीण. खोली आपल्या सगळ्यांच्या खोल्यांएवढीच, म्हणजे एक माणूस उठला की दुसऱ्याने बसायचं. मध्ये स्वच्छ पांढरी चादर, चादरीवर नायरी. शेजारी मोठ्या भांड्यात शिजवून निथळलेले गहू, त्यात बेदाणे, हरभरे, डाळिंबाचे दाणे, रंगीत गोळ्या.

आजींनी नायरीच्या डोक्यावर पातळ पांढरा रुमाल टाकला. छातीवर क्रूस केला, काहीतरी पुटपुटल्या. मग वाटीभर गहू घेतले आणि हळूच, डोक्यावरून, ओतले.

गहू रुमालावरून घरंगळले, खांद्यावरून मांडीवर, मांडीवरून चादरीवर. हरभरे टपटपले. बाया टाळ्या वाजवत गायला लागल्या. आणि पुढे जे झालं ते यामिनीने केलं असं म्हणता येणार नाही, ते तिच्या हातापायांनी केलं.

"लुटा, लुटा!" ती मराठीत ओरडली, आणि कोणीच हलेना तेव्हा स्वतःच गुडघ्यांवर बसून ओढणीत गहू गोळा करायला लागली. दोन ओंजळी गोळा झाल्यावर तिच्या लक्षात आलं की गाणं थांबलंय. वर पाहिलं तर अख्खी खोली तिच्याकडे बघत होती. छत्तीस वर्षांची बाई परक्याच्या घरी जमिनीवर, ओढणीत ओले गहू.

"आई, काय करतेयस?" कस्तुरीने जपानीत विचारलं. तिला आईची लाज वाटली होती, आणि लाजेला भाषा लागत नाही.

यामिनीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती माफी मागत उठायला लागली, तर आजींनी तिचा खांदा धरून तिला खालीच बसवलं.

"तुला हे कसं माहीत?" आजींचा आवाज बदलला होता. "आमच्या गावी मुलं अशीच गोळा करायची. माझी आजी सांगायची. इथे मुलं नाहीत, म्हणून कोणी करत नाही. तुला कोणी सांगितलं?"

सांगणार काय? यामिनीने ओढणी सावरत फोन काढला. गीताताईंनी जपून ठेवलेला, कस्तुरीच्या पहिल्या बोरन्हाणाचा पुण्यातला व्हिडिओ. काळं झबलं, पांढरा मुकुट, गीताताईंचा हात, डोक्यावरून पडणारी बोरं आणि चुरमुरे, आणि धावून येणारी दहा-बारा पोरं. आजींनी तो एकदा पाहिला. चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग चिबाच्या म्हाताऱ्यांना बोलावून दाखवला. तिघंही त्या एवढ्याशा पडद्यावर वाकून उभी होती.

कुठलं पुणे, कुठला आर्मेनिया. या बायांनी कधी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि तरी दोन्हीकडे कुणीतरी, केव्हातरी, मूठभर धान्य बाळाच्या डोक्यावरून सोडलं होतं आणि म्हटलं होतं, असंच भरभरून मिळो. आपण कपाटावर ढकललेली गोष्ट एवढी मोठी आहे, हे यामिनीला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने तरी कुणाला विचारलं होतं?

नायरीला मात्र या कशाचं सोयरसुतक नव्हतं. तिच्यापुढे ताटात कंगवा, कात्री, पुस्तक, पेन मांडलं होतं. जे उचलेल तसं तिचं पुढचं आयुष्य. तिने ताटाला पाय मारला आणि आजींचा चष्मा ओढला. मिहोची आई म्हणाली, आमच्याकडेही पहिल्या वाढदिवसाला अशा वस्तू मांडतात, पण चष्मा अजून कोणी उचललेला नाही.

सगळे हसले. मग वाट्यांमधून गहू खाताना आजी बोलायला लागल्या, आणि मिहो जपानीत सांगत गेली, कस्तुरीला कळावं म्हणून. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यांच्या लोकांची कत्तल झाली. उरलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं. आजींची आजी त्यात होती, कडेवर तान्हं मूल. चालता चालता मुलाला दात आला.

"गहू नव्हते," आजी म्हणाल्या. "पाणीसुद्धा नव्हतं. पण दात आला, तर करायला पाहिजे. मग तिने रिकामी वाटी घेतली आणि मुलाच्या डोक्यावर उलटी केली. बाकीच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. जसे काही गहू पडले."

यामिनीने धीर करून विचारलं, "त्या बाळाचं पुढे काय झालं?"

"तो माझा बाप." आजींनी नायरीच्या केसांतला एक गहू काढून तोंडात टाकला. "ही आर्मेनियन बोलणार नाही, मला माहीत आहे. जपानी बोलेल. पण हिच्या डोक्यावर गहू पडले. ते आता झालं. कोणी परत घेऊ शकत नाही."

घराच्या दाराशी कस्तुरीने जपानीत विचारलं, "वाटी रिकामी होती, मग त्या बाळाला काहीच मिळालं नाही?"

"नाही, बाळा."

"त्याला वाईट वाटलं असेल?"

यामिनीने स्टुलावर चढून खोका खाली काढला आणि शेवटी विचारलंच, "तुझं बोरन्हाण करूया? काही सांडणार नाही. त्या आजींच्या आजीसारखं करू, रिकाम्या मापट्याने." कस्तुरीने बराच विचार केला. रिकामं असेल तर चालेल, म्हणाली.

पुढच्या रविवारी घर भरलं. बिल्डिंगमधल्या अनुराधा आणि दिपाली आपापल्या पोरांना घेऊन आल्या, वरून सिरानुश आजी, मिहो आणि नायरी. पाट नव्हता म्हणून बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल धुऊन, वर रुमाल घालून ठेवलं. यामिनीने चुरमुरे, नात्सुमे, रेवड्या, गोळ्या मोठ्या पातेल्यात कालवून ठेवल्या होत्या. पोरांना निदान पुड्या बांधून देता येतील. सत्यजितने फोन उभा करून पुण्याला जोडला. काळ्या फ्रॉकमध्ये, हलव्याचा मुकुट सावरत कस्तुरी ताठ बसली. औक्षण झालं.

यामिनीने रिकामं मापटं उचललं. कस्तुरीने डोळे घट्ट मिटले. मापटं डोक्यावर उलटं झालं आणि काहीच पडलं नाही. अनुराधा, दिपाली एकमेकींकडे बघायला लागल्या. पोरं धावायच्या तयारीत होती ती तशीच थबकली. मग टाळी वाजली. एकटी, जोरात. सिरानुश आजी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अगं, झालं का?" फोनमधून गीताताई ओरडल्या. "मला काही पडताना दिसलं नाही! नेट गेलं वाटतं!"

कस्तुरीने डोळे उघडले. मांडीकडे पाहिलं, फ्रॉक झटकला, हात फिरवून पाहिला. मुकुटावर चाचपलं. मग रडणाऱ्या आजींकडे पाहिलं, आणि आईकडे. आणि बोलली ती मराठीत, थेट गीताताईंच्या हेलात.

"आई, यात काहीच नव्हतं. चुरमुरे घाल ना."

यामिनीला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. "सांडतील, बाळा," ती कशीबशी म्हणाली.

"सांडू देत. मी नंतर सगळे उचलीन."

यामिनीने मापटं पातेल्यात घातलं, पण घाईत ते इतकं भरलं की निम्मे चुरमुरे बाहेरच सांडले, आणि सिरानुश आजी गुडघ्यांवर बसून ते ओढणीसारख्या धरलेल्या आपल्या शालीत गोळा करायला लागल्या.