डावीकडचा कोपरा

"बसा ना," मुलाची आई तिसऱ्यांदा म्हणाली, तरी गादीवाले आपले सोफ्यासमोर उभेच.

त्यात त्यांचा तरी काय दोष? उभा जन्म सोफे आणि गाद्या शिवण्यात गेला, पण गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसायचं नाही हा त्यांचा शिरस्ता. काम झालं की मुठीनं दाबून बघायचं, चौकटीवर टिचकी मारायची आणि बाजूला व्हायचं. नेमकी ह्याच सवयीची बायकोनं धास्ती घेतली होती. तिथे जाऊन गुद्देबिद्दे मारू नका, पोरीचं लग्न ठरवायला चाललोय, सोफा दुरुस्त करायला नाही, असं तिनं निघताना दोनदा बजावलं होतं.

लेक डॉक्टर, मुलगाही तिच्याच दवाखान्यात डॉक्टर. दोघांचं आपसात कधीच ठरलं होतं. पण मुलाच्या वडिलांनी विचारलं, तुझे वडील काय करतात, आणि लेकीनं 'गाद्या शिवतात' असं सरळ सांगून टाकलं. त्यानंतर घरी बोलावणं यायला दोन महिने लागले. मोठी माणसं. बायकोच्या मते ज्यांच्या सोफ्यावर जुनी चादर टाकलेली नसते, ती मोठी माणसं. गादीवाल्यांचं म्हणणं वेगळं. सोफ्यावर जे रोज बसतात ते मोठे, आणि सोफा पाहुण्यांसाठी राखून स्वतः खाली बसतात ते आपल्यातले. मग आपण कोण, असं लेक हसत विचारायची, कारण घरात सोफाच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मुलाचे वडील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेबच म्हणत. समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसून ते सांगत होते, की ह्या घरात पहिल्यापासून हलकी वस्तू म्हणून येत नाही.

"हा सोफाच घ्या. पंचवीस वर्षं झाली. वरचं कापड तेवढं बदललं, आतला माल अजून अस्सल."

'आतला माल' म्हटल्यावर गादीवाल्यांचा हात कुठला ऐकतोय. मूठ आपोआप डाव्या कोपऱ्यात दाबली गेली. बायकोनं डोळेच मिटून घेतले.

मुठीखाली बटण लागलं. कोटाला असतं तसं, चांगलं मोठं.

गादीवाल्यांना क्षणात सगळं आठवलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आणि नवऱ्याचे वरिष्ठ घरी येणार म्हणून घायकुतीला आलेली एक तरुण बाई. तिनं जुनी पांघरुणं आणली, विटलेले स्वेटर आणले, तरी पोकळी भरेना, तेव्हा शेवटी एक कोट आणून पुढ्यात टाकला. आत हे भरा, वरून भारीतलं कापड लावा आणि ह्यांना काही कळू देऊ नका, अशी तिनं गळ घातली होती. त्या घाईत कोटाचं एक बटण कापायचं राहून गेलं होतं.

त्यांनी मान वर केली. मुलाची आई हातात चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी होती. तिनंही ओळखलं होतं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"एवढं काय बघताय?" साहेब जरा वरच्या पट्टीत म्हणाले. "असं काम होतं का तुमच्याकडे?"

एक शब्द टाकला असता तर साहेबांची मिजास तिथल्या तिथे उतरली असती. मोह झालाच, खोटं कशाला बोला. पण झाकली मूठ दुसऱ्याची असली तरी ती आपण उघडू नये.

"काम बरं आहे," गादीवाले म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात कारागिराचा हात जरा चुकलाय."

मुलाच्या आईनं ट्रे टेबलावर ठेवला. आधी तिनं तोंडाला पदर लावला, मग तिला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"कारागीर कुठला चुकतोय? मीच तुमच्यामागे घाई लावली होती," ती म्हणाली, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. पांघरुणं, स्वेटर, कोट, काही म्हणून लपवलं नाही.

साहेबांनी एवढंच विचारलं, "कोट कोणता?"

"तपकिरी. तुमचा कॉलेजातला."

तो कोट हरवला म्हणून पंचवीस वर्षं लाँड्रीवाल्याच्या नावानं खडे फोडणारे साहेब उठले, सोफ्याशी वाकले आणि बोटांनी कोपरा चाचपू लागले. बटण सापडलं तसे ते इतके मोकळे हसले, की दाराआड कान लावून उभी असलेली लेक आणि मुलगाही धावत बाहेर आले.

"एकच होता हो माझ्याकडे," साहेब गादीवाल्यांना म्हणाले. आवाजातली पट्टी केव्हाच खाली आली होती. मग त्यांनी सोफ्यावर थाप मारली. "आता तरी बसा, व्याही."

व्याही म्हटल्यावर बायकोनं डोळे उघडले.

गादीवाले बसले. आधी नुसते काठावर टेकले, मग सरकत सरकत मागे गेले आणि त्यांनी पाठ टेकली. आपण शिवलेल्या सोफ्याची पाठ अशी लागते, हे त्यांना आज कळत होतं. डावीकडे बटण टोचत होतं. जरा उजवीकडे सरका, असं साहेबांनी दोनदा सुचवलं, पण चहा संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.