परभणीतलं जपानी दुःख

आदिनाथ सर आयुष्यात एकदा जपानला जाऊन आले, तेही सहलीवाल्यांबरोबर, आणि तेव्हापासून परभणीत त्यांना कुठलीच गोष्ट सरळ दिसेना. कॉलेजात त्यांनी वाचन मंडळ काढलं. जुनं जपानी साहित्य वाचायचं, त्यावर चर्चा करायची, मग निबंध लिहायचा. यानं वाचन खोल होतं, बोलणं नेमकं होतं, लिहिणं सुधारतं, असं ते सांगायचे. सुरुवातीला ते खरंही होतं. चुडाव्याची राजनंदिनी पॅसेंजरमध्ये उभ्या उभ्या ती पानं वाचायची. हजार वर्षांमागच्या दरबारातल्या बायका पडद्याआड बसून लिहायच्या, पत्राला उत्तर म्हणून कविता धाडायच्या, याचं तिला लय अप्रूप वाटायचं. एकदा चर्चेत तिनं विचारलं, की ह्या बायकांची शेगडी कोण पेटवायचं, त्यांचं पाणी कोण भरायचं, त्यांची नावं का नाहीत? सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे, पण सौंदर्याच्या आड येतो.

मग सरांनी निबंधाचा साचा ठरवून दिला. आधी जपान, मग निसर्ग, शेवटी स्वतःचं दुःख. निम्मे गुण दुःखाला. वाचून झालं की सगळ्यांनी डोळे मिटून घ्यायचे आणि हळूच 'आहा' म्हणायचं.

झालं, बाजारच भरला. ज्याच्या घरी कुणी मेलं नव्हतं, त्यानं दुःख आणावं कुठून? उसनं आणावं. राजनंदिनीची मैत्रीण ऋतिका, तिचा आजोबा तीन जणांच्या निबंधात मेला. एकाची म्हैस विहिरीत पडली होती, निबंधात तिची आत्या झाली. पोरं कँटिनमध्ये वडापाव खात एकमेकांना विचारायची, 'ए, तुझ्याकडं काही शिल्लक हाय का?' आणि संध्याकाळी डोळे मिटून आहा. राजनंदिनीला शिसारी यायची. त्यात सर तिला बाजूला घेऊन म्हणायचे, तुला शोधायला कुठं जायचंय, तुझं घर म्हणजेच एक निबंध आहे.

घरात काय होतं ते सरांना पुरतं ठाऊक नव्हतं. तिचे आईबाप, धुरपताबाई आणि वैजीनाथ, दर साली ऊस तोडायला जायचे. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मुकादमाच्या हिशेबात मजुरांची एक जोडी. पाळीत खाडे पडतात म्हणून मुकादम कुरकुरायचा, आणि गर्भपिशवी ठेवली तर कॅन्सर होईल म्हणून डॉक्टरनं भ्या घातलं. धुरपताबाईची गर्भपिशवी काढून टाकली. त्यानंतर ती वाकेना, तिला मोळी उचलेना. कोयत्यातला तिचा अर्धा वाटा रिकामा पडला, आणि दिवाळीनंतर तो राजनंदिनीनं भरायचा, असं वैजीनाथनं सांगून टाकलं. सुटायची वाट एकच होती. मंडळातून एका निबंधाची निवड होऊन तो लिहिणारा वर्षभर पुण्याला शिकायला जाणार होता, राहणं-खाणं तिकडंच. नंबर आला तर पुणं, न्हाईतर उसाचा फड.

तरी तिनं आईवर लिहिलं नाही. ज्यांची नावं पुस्तकात आलीच नाहीत, त्या दरबारातल्या मोलकरणींवर लिहिलं. आईचं तिनं फक्त ऋतिकाला सांगितलं होतं, एकदा रडत.

निकालाच्या कार्यक्रमाला आईबापांना बोलावलं होतं. झरीच्या बड्या जमीनदाराचा पोरगा ओमप्रकाश पहिला वाचायला उठला. त्याची आई कोकिळाबाई रेशमी लुगड्यात पहिल्या रांगेत बसलेली. धुरपताबाईला फार वेळ बसवत नसे, ती मागं भिंतीला टेकून उभी होती.

ओमप्रकाशनं गळा भरून आणला. "उसाच्या फडात माझ्या आईची गर्भपिशवी गेली," त्यानं वाचलं. "तिच्या पोटातली पांढरी फुलं गळून पडली. चंद्र मुक्यानं बघत होता."

आहा, सभागृह म्हणालं.

राजनंदिनीनं ऋतिकाकडं बघितलं. ऋतिका पायातल्या चपलेकडं बघायली होती. कोकिळाबाई तोवर पोराचा फोटो काढण्यात दंग होती. तिच्या कानात गर्भपिशवी शिरली आणि तोंडावरचं हसू तसंच वाळलं.

चर्चा सुरू झाली. हे माझ्या आईचं आहे, एवढं म्हणलं की चोर सापडत होता. पण मग सगळ्या माना भिंतीकडं वळल्या असत्या, धुरपताबाईच्या पोटाकडं. राजनंदिनी उठली.

"ओमप्रकाश, एवढं सोसलेली माय तुझ्यासमोर बसली हाय. पाया पड की तिच्या."

त्यानं हातातल्या कागदात डोकं घातलं. सगळे कोकिळाबाईकडं बघायला लागले. दोन बायांनी तर तिच्या दंडावर हात ठेवला. तिनं ते हात झटकले आणि ती उभी राहिली.

"माझं सगळं जागच्या जागी हाय. ह्या मुडद्यानं कुणाचं उचलून आणलंय ते त्याला इचारा."

हशा पिकला. सर लगबगीनं माईकपाशी आले. जपानातले मोठमोठे पुरुष कवीसुद्धा वाट बघणाऱ्या बाईच्या तोंडून लिहायचे, म्हणाले, याला परकायाप्रवेश म्हणतात.

"त्या बाईला कुणी इचारलं होतं का, सर?" राजनंदिनी म्हणाली.

सर म्हणाले, चर्चेत संयम लागतो, तो तुझ्यात नाही. तिचा निबंध वाचायला सांगितलाच नाही. पुण्याला ओमप्रकाशचं नाव गेलं. खाली येऊन सरांनी त्याची पाठ थोपटली, आणि ज्या पोरांनी त्याला हसून घेतलं होतं तीच त्याच्याबरोबर फोटो काढायला उभी राहिली.

मायलेकी दोघीच स्टेशनवर आल्या. फलाटावर धुरपताबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "माझंच वाचायलतं ना ते पोरगं?"

राजनंदिनीनं मान खाली घातली.

"कुणाला सांगितलीस?"

"ऋतिकाला. एकटीलाच, माय."

"फुलं म्हणं." धुरपताबाई रुळावर थुंकली. "डागदरानं भगुण्यात घालून दावलं मला. माशा बसायलत्या त्याच्यावर. फुलावानी दिसायलतं व्हय?"

आणि राजनंदिनीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ओमप्रकाशच्या सगळ्या निबंधापेक्षा हे वाक्य भारी आहे. सुरुवात ह्याच वाक्यानं करायला पाहिजे. चंद्र नको, फुलं नकोत, भगुण्यावरच्या माशा. निम्मे गुण तिथंच.

मग आपण काय मोजायलोत ते तिला कळलं. ती कठड्याला धरून खाली बसली आणि तिला कोरड्या उलट्या सुरू झाल्या. धुरपताबाईला वाकता येत नव्हतं, म्हणून ती उभ्यानंच लेकीच्या डोक्यावर हात फिरवत राहिली.

"सकाळपासनं पोटात काय न्हाई तुझ्या," ती म्हणाली. "पित्त झालंय."

राजनंदिनी हो म्हणाली.