मुकुटाला तारीख नव्हती

मी एक जुना पितळी शिक्का आहे, मित्रांनो. माझी लाकडी मूठ तळहातांच्या घामाने काळी पडली आहे. हल्ली मी नगरपालिकेच्या काचेच्या कपाटात असतो आणि खरे सांगायचे तर तिथे माझा जीव रमत नाही.

कारागिराने मला घडवले तेव्हा माझ्या तोंडावर मुकुट कोरला होता. राजाच्या हुकमावर माझा ठसा उमटला, की कचेरीबाहेर उभ्या माणसांच्या तोंडचे पाणी पळे. हा सारा दरारा माझाच, असे मला वाटायचे. फार शेफारलो होतो मी!

मग एके दिवशी लोकांनी ठरवले, की बास झाले. हुकूम नेहमीसारखा भिंतीवर लागला. मीही ठसठशीत उमटलो होतो. पण लोक तिकडे ढुंकूनही न बघता पुढे गेले. कुणी कागद फाडला नाही, कुणी दगड मारला नाही. महिनाभरात कचेरी ओस पडली. तेव्हा मला कळले, की जोर माझ्यात नव्हता आणि मुकुटातही नव्हता. लोक मानत होते, म्हणून तो होता.

त्याच कारागिराच्या मुलीने कानशीने माझा मुकुट घासून काढला आणि तिथे ‘लोकांच्या वतीने’ असे कोरले. मधोमध तारखेची छोटी चाके बसवली. "मुकुटाला तारीख नव्हती," ती म्हणाली, "आता येतील त्यांना मुदत आहे."

पुढे मी शिक्केबाईंच्या ताब्यात आलो. सगळी कचेरी त्यांना याच नावाने ओळखे. सकाळी आल्या, की चहाच्याही आधी त्या चाके फिरवून आजची तारीख लावत. संध्याकाळी वहीत शेवटचा ठसा उठवून त्याखाली रेघ मारत आणि सही करत. ती रेघ त्यांनी कधी चुकवली नाही.

एका निवडणुकीत नगरपालिकेचे अध्यक्ष हरले. सोमवारी पाच वाजता त्यांनी कारभार सोडला आणि मंगळवारी सकाळी ते आमच्या खोलीत आले. दार लोटून त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. मुलींच्या शाळेचे मैदान त्यांच्या मेहुण्याला गोदामासाठी देण्याचा हुकूम होता तो.

"सहीखाली कालची तारीख लिहिली आहे. तुम्ही फक्त शिक्का मारा."

"काल पाचला मी रेघ मारली, साहेब."

"यजमान अंथरुणाला खिळलेत ना तुमचे? अशात नोकरी गेली तर कसं व्हायचं?"

शिक्केबाईंचा चेहरा उतरला. माझ्या मुठीवरचा त्यांचा हात घामाने ओला झाला. मी भयंकर घाबरलो होतो. मी एकदा उमटलो असतो आणि मैदान गेले असते. मला ‘नाही’ म्हणायची सोय नाही.

"काल तुम्ही आलात तेव्हा मी उठून उभी राहिले होते," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही बसा, मी पाणी आणते. पण शिक्का मिळणार नाही."

अध्यक्षांनी मला हिसकावले आणि कागदावर दाणकन आपटले. मग त्याची घडी घालून ते तरातरा निघून गेले. दहा वर्षे माझ्या जिवावर हुकूम सोडले, पण त्यांनी मला कधी हातात धरले नव्हते. तारीख माझ्या पोटातच असते, हे त्यांना माहीतच नव्हते!

पुढचे शिपायाने येऊन सांगितले. जमीन मोजणाऱ्या कारकुनाने कागद उजेडात धरला, सहीखालची तारीख पाहिली, मग माझी पाहिली.

"शिक्का आजचा आहे, साहेब," तो म्हणाला. "आज तुम्ही कोण?"

मैदान वाचले. शिक्केबाईंची नोकरीही टिकली, पण त्या दिवशी त्यांना दुपारचा डबा गेला नाही.

आता माझे काम संगणक करतो. मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवले नाहीत तरी चालेल. पण काचेजवळ येऊन जरा तिरके बघा. घासलेल्या मुकुटाची खूण अजून दिसते. ती पुरती गेलेली नाही. म्हणून सांगतो, हुकूम समोर आला की तारीख वाचा आणि ‘आज तुम्ही कोण?’ असे विचारा. विचारताना हात घामाने ओला होईल. शिक्केबाईंचाही झाला होता.