तरोट्याचं बी

माही सासू माणिकबाई साऱ्या मूर्तिजापुरात एक फुशारकी मारते. सहा वर्षांआधी देवानंदची, म्हणजे माह्या नवऱ्याची, पाठ नायट्यानं भरली होती, अन् तिनं तरोट्याचं बी लिंबाच्या रसात वाटून, लावून लावून तो मुळासकट काढला. बी वाटे कोण? मी. लावे कोण? मी. नाव तिचं. जाऊ द्या.

यंदा उन्हाळ्यात मी निमोनियानं मरता मरता वाचली. बत्तीस किलो राह्यली होती. अकोल्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं त एचआयव्ही निघाला. घरी आली त सासूनं माह्या ताटाले नेलपालिशची लाल टिकली लावून ठेवलेली. ताटानं काई होत नाई, हे मी सांगून पाह्यलं. कोण ऐकते! नवरा म्हणे, "मी तपासून आलो, माहं काई नाई निघालं." मंग काय व माय, मीच वंगाळ. माहेराहून घाण घेऊन आली, सासू म्हणे. देवानंद हे सारं मुकाट्यानं ऐके, अन् वरून भाजीत मीठ कमी हाय म्हणे.

गोळ्या चालू झाल्या. भूक लागे, वजन वाढे. अन् दीड महिन्यात आंगभर नायटा! पोटावर, टोंगळ्यावर, गळ्यापर्यंत. सासू म्हणे, "पाप फुटून बाहीर पडून राह्यलं." माह्या पोरीले, अबोलीले, तिनं आपल्याजवळ निजवलं. तेल्हाऱ्याले माह्या भावाले फोन केला, "रविवारी या, बहीण घेऊन जा. पोरगी अथीच राहीन."

शुक्रवारी मी अकोल्याले गेली. गोळ्याच सोडतो म्हटलं. तिथल्या समुपदेशक ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "सोडशील त मरशील. नायटा आंगात आधीच दबून होता, पण आंगात झगडाची ताकद नव्हती. आता ताकद आली, आंग त्याच्याशी झगडून राह्यलं, म्हणून तो भडकला. कोणाकोणाले सुरुवातीच्या महिन्यांत होते असं." नायट्यावर औषध लिहून देलं.

गाडीत बसली अन् देवानंदची पाठ डोळ्यासमोर आली. त्याचाही नायटा असाच एकाएकी भडकला होता. सहा वर्षांआधीचा पावसाळा होता. तवापासूनच तो दर महिन्याले शाळेच्या कामानं अमरावतीले जाते. शाळेत शिपाई हाय. शिपायाचं दर महिन्याले अमरावतीले कायचं काम? दर महिन्याले त मी अकोल्याले जातो, गोळ्या आणाले. अन् रोज नऊ वाजता च्यवनप्राशच्या डब्यातून एक ताकदीची गोळी खाते. त्या डब्याले कोणी हात लावाचा नाई.

नायटा कोणालेही होते, तेवढ्यावरून माणूस पकडता येत नाई. म्हणून तो शाळेत असताना डबा उघडला. त्याची गोळी माह्या गोळीजवळ ठेवली. तोच रंग, तोच आकार, तेच अक्षरं. पायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसानं सहा वर्षांआधी एक शब्द बोलला असता, त मीही तवाच गोळ्या चालू केल्या असत्या!

रविवारपर्यंत मी थांबली. मले घाई नव्हती.

रविवारी माहा भाऊ देवराव आला. सासूनं तोंड उघडायच्या आधी मीच इचारलं, "आत्याबाई, यांचा नायटा तुमी कसा बरा केला, सांगा न देवरावले."

सासू फुलली. साल सांगतलं, महिना सांगतला, बी किती घेतलं थेही सांगतलं.

"अन् अमरावतीच्या चकरा?"

"त्याच पावसाळ्यात चालू झाल्या. काहून?"

"चूप बस, जमुना," देवानंद उठला.

मी दोन्ही गोळ्या सासूच्या हातावर ठेवल्या. "एक माही हाय, एक तुमच्या लेकाच्या डब्यातली. कोणती कोणाची, ओळखा."

तिनं पलटून पलटून पाह्यल्या. मंग लेकाकडे पाह्यलं. त्यानं मान खाली घातली.

"मी कुठी जात नाई," मी देवरावले म्हटलं. "अबोलीही माह्याजवळच निजन." अबोली उठून माह्याजवळ येऊन बसली.

मंग मी साऱ्याईले जेवाले वाढलं. देवानंदले लाल टिकलीच्या ताटात. ताटानं काई होत नाई, हे मले ठाऊक होतं. त्याले त सहा वर्षांपासून ठाऊक होतं.

"जेवा," मी म्हटलं. "मीठ पाहा बरोबर हाय का."